डंडीची पोटनिवडणूक आणि घंटा वाजवणारी बाई

आमच्या घरी गोणपाट कधी फेकून दिलेला आठवत नाही. धान्य संपलं की पोतं उसवायचं, धुवायचं आणि दारात पायपुसणं म्हणून टाकायचं. त्या तागाबद्दल वाचत वाचत मी स्कॉटलंडमधल्या डंडीपर्यंत पोचले. बंगालच्या शेतातला ताग बोटीनं तिथं जायचा, देवमाशाच्या तेलानं मऊ व्हायचा आणि मग गिरणीत त्याचं सूत निघायचं. या गिरण्यांत बायकाच जास्त, कारण त्यांना मजुरी कमी देता यायची. कितीतरी घरांत बाई कामावर आणि नवरा बेकार. अशा नवऱ्यांना गावात ‘चहाचं आधण ठेवणारे’ म्हणत.

या गावात मे 1908 मध्ये पोटनिवडणूक झाली. उमेदवार विन्स्टन चर्चिल. 1943 च्या बंगालच्या दुष्काळामुळे या माणसाचं नाव काढलं तरी मला राग येतो, पण तेव्हा तो लिबरल पक्षाचा तरुण मंत्री होता. मंत्रिपद घेतलं की पुन्हा निवडून यायचं, असा तेव्हाचा कायदा. त्याप्रमाणे तो मँचेस्टरला उभा राहिला आणि 24 एप्रिलला 429 मतांनी पडला. दारूविक्रीवर बंधनं आणणाऱ्या विधेयकानं दारूच्या गुत्त्यांत काम करणाऱ्या बायकांची रोजी जाईल, म्हणून तिथं आयरिश चळवळीतली कॉन्स्टन्स मार्किएविच चार पांढऱ्या घोड्यांची गाडी हाकत त्याच्याविरुद्ध प्रचाराला उतरली होती. पंधरवड्यात पक्षानं त्याला डंडीची सुरक्षित जागा दिली.

9 मे ला चर्चिलला 7,079 मतं पडली, हुजूर पक्षाच्या मित्रपक्षाच्या, लिबरल युनियनिस्ट बॅक्स्टरला 4,370, मजूर पक्षाच्या स्टुअर्टला 4,014. दारूबंदीवाला एडविन स्क्रिमजर 655 वर आटोपला. मतदार फक्त पुरुष, तेही सगळे नव्हेत. ज्या बायकांच्या पगारावर अर्धं गाव जेवत होतं, त्यांच्यापैकी एकीचंही मत या आकड्यांत नाही.

याच प्रचारात मेरी मलोनी नावाची बाई हातात मोठी घंटा घेऊन चर्चिलच्या मागे लागली. बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीबद्दल तो जे बोलला होता, त्याची माफी मागा, एवढंच तिचं म्हणणं. एका सभेत ती इतका वेळ घंटा वाजवत राहिली की त्याला भाषण अर्धवट टाकून जावं लागलं. चर्चिलच्या गोष्टींत हा किस्सा लोक हसून सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. सभेत शांतपणे ऐकून घरी जा आणि मतपेटीतून उत्तर द्या, हे तिला कोण कुठल्या तोंडानं सांगणार होतं? मतपेटीपर्यंत तिला जाऊच देत नव्हते. तिच्याजागी मी असते तर मीही घंटाच उचलली असती.

पुढं 1918 मध्ये तीस वर्षांवरच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं. 1922 च्या नोव्हेंबरात डंडीत पुन्हा मतदान झालं. चर्चिलचं अपेंडिक्सचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, प्रचाराला तो शेवटी शेवटीच पोचला. आजारपणामुळे आणि लिबरल पक्षाच्या फुटीमुळे तो पडला, असं म्हणतात. असेलही. पण दारूपायी नवऱ्याचा पगार कुठं जातो हे पाहिलेल्या बायका आता मोठ्या संख्येनं मतदार होत्या, हे मला सोडून देता येत नाही. चर्चिलला 20,466 मतं मिळाली. पहिल्या क्रमांकावर 32,578 मतं घेऊन निवडून आला तो 655 वाला स्क्रिमजर.