ब्लॅकलिस्टवर झटपट लेख कसा पाडावा

परवा हॉलिवूडच्या काळ्या यादीवर, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना काम नाकारलं गेलं त्यांच्यावर, आणखी एक लेख फॉरवर्ड होऊन आला. पहिल्याच वाक्यात सिनेटर मॅकार्थी हॉलिवूडच्या दहा जणांना तुरुंगात टाकून मोकळा. या वर्षातला हा चौथा. एवढी मागणी असेल तर म्हटलं, कृतीच लिहून द्यावी. साहित्य घरात असतंच, शोधाशोध करावी लागत नाही.

तर सुरुवात मॅकार्थीपासूनच करा. त्याच्याशिवाय लेखाला रंग चढत नाही. ती सुनावणी ऑक्टोबर १९४७ मध्ये हाउस कमिटीपुढे, म्हणजे कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या कनिष्ठ सभागृहाच्या समितीपुढे झाली आणि अध्यक्ष होता जे. पार्नेल थॉमस, असल्या बारकाव्यांत शिरू नका. हाउस काय नि सिनेट काय, इमारत एकच. लोकसभेच्या समितीचं अध्यक्षपद राज्यसभेच्या खासदाराला दिल्यासारखं आहे हे, पण अमेरिकेत कोण बघतंय! मॅकार्थी सरकारातल्या कम्युनिस्टांची यादी म्हणून हातातला कागद फडकावत गाजला तो फेब्रुवारी १९५० मध्ये. तोवर या दहा जणांना स्टुडिओंची दारं बंद होऊन दोन वर्षं उलटली होती.

थॉमसचं पुढे काय झालं तेही गाळा. कार्यालयात खोटे कर्मचारी दाखवून त्यांचे पगार स्वतः खाल्ले म्हणून तो डॅनबरीच्या तुरुंगात गेला. पुढे त्याच तुरुंगात या दहांपैकी रिंग लार्डनर ज्युनियर आणि लेस्टर कोल शिक्षा भोगायला आले, तेव्हा साहेबांकडे कोंबड्या सांभाळायचं काम होतं. वाचकाला हसू फुटलं तर लेखाचं गांभीर्य जाईल.

घटनादुरुस्ती पहिली की पाचवी? आठवेल ती टाका. ‘तुम्ही कम्युनिस्ट पक्षात आहात का?’ या प्रश्नाला उत्तर नाकारताना या दहा जणांनी मुख्यतः पहिलीचा, म्हणजे विचार आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला, म्हणून अवमानाचा खटला आणि तुरुंग. पुढच्यांनी पाचवी, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क धरला, त्यांचा तुरुंग टळला पण काम गेलं. आणि ‘हो, मी पक्षात होतो’ म्हणालात की पाचवीचं कवच गळून पडायचं, मग सोबत कोण कोण होतं तेही सांगा. तिन्ही दारांमागची शिक्षा वेगळी. पण तीन दारं समजावण्यात दोन परिच्छेद जातात, आणि तेवढ्यात दहांपैकी एक, पटकथाकार डाल्टन ट्रम्बो, याचा बाथटबात बसून लिहितानाचा फोटो बसतो.

हो, बाथटब विसरू नका.

दिग्दर्शक इलिया कझानला मात्र मनसोक्त झोडपा. त्याने समितीला पक्षातल्या जुन्या सोबत्यांची आठ नावं दिली. पटकथाकार मार्टिन बर्कलीने दीडशेच्या वर दिली, पण त्याचे सिनेमे कुणी बघितलेले नाहीत, त्यामुळे त्याला शिव्या देण्यात मजा नाही.

आता महत्त्वाची सूचना. काळी यादी ‘सरकारने’ केली असंच लिहा. निर्मात्यांचं नाव चुकूनही नको. २४ नोव्हेंबर १९४७ ला सभागृहाने दहा जणांवर अवमानाचा ठराव केला, ३४६ विरुद्ध १७. ठराव अवमानाचा होता. यांना काम देऊ नका, असं त्यात कुठे म्हटलेलं नव्हतं, तसा कायदाही नव्हता. ते काम त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जमलेल्या स्टुडिओमालकांनी केलं. करारावर असलेल्या पाच जणांना काढलं आणि जाणूनबुजून कम्युनिस्टाला कामावर ठेवणार नाही असं जाहीर केलं. त्याच निवेदनात त्यांनी लिहिलंय की यात निरपराध माणसं भरडली जाण्याचा आणि भीतीचं वातावरण तयार होण्याचा धोका आहे. लिहिलं, आणि खाली तेच केलं! पुढे १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ हे पुस्तक निघालं, रेडिओ-टीव्हीवरच्या १५१ संशयितांच्या नावांचं, तेही खासगीच छापलं. नाव आलेल्याने कुणाला भेटायचं, खुलाशाचं पत्र कसं लिहायचं, समितीपुढे कुणाची नावं घ्यायची, हे सगळं सांगणारे वकील आणि कामगार संघटनेचे पुढारी. नावं समितीला बहुतेक आधीच ठाऊक असायची. हवा असायचा तो तुमचा तोंडाने केलेला उच्चार. आणि लेखकांची स्वतःची संघटना? तिने पुढे निर्मात्यांना मान्यता दिली की अशा माणसाचं नाव श्रेयनामावलीतून खुशाल काढा. काळ्या यादीतल्याच बिबरमन, विल्सन आणि जॅरिको यांनी न्यू मेक्सिकोतल्या जस्ताच्या खाणीतल्या संपावर सिनेमा काढला, तेव्हा स्टुडिओमालक हॉवर्ड ह्यूजने एका खासदाराला पत्र लिहून तो कसा अडवायचा तेच कळवलं. निगेटिव्ह धुणारी लॅब बंद, एडिटिंगची सोय बंद, साउंडची खोली बंद. नायिकेला देशाबाहेर जावं लागलं, तिचे उरलेले शॉट मेक्सिकोत घेतले. सिनेमा तयार झाला तर प्रोजेक्टर चालवणाऱ्यांची संघटना म्हणते आम्ही दाखवणार नाही. यात मॅकार्थी कुठे आहे? दाखवा ना!

आणि स्वस्ताई! जो ट्रम्बो आधी एका पटकथेचे ७५,००० डॉलर घ्यायचा, त्याने बंदीच्या सुरुवातीला सरासरी १,७५० डॉलरला अठरा पटकथा लिहिल्या. पटकथा त्याच माणसाची, फक्त नाव नाही. ज्यांनी दार लावलं त्याच धंद्यातले लोक मागच्या दाराने माल उचलत होते. १९५७ मध्ये ‘रॉबर्ट रिच’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या माणसाला (म्हणजे ट्रम्बोलाच) ऑस्कर मिळालं, तेव्हा तो कोण याची चर्चा गावभर होती.

शेवट नट-निर्माता कर्क डग्लसने करा, ‘स्पार्टाकस’वर ट्रम्बोचं नाव लावणारा तो. एका माणसाने, एका सिनेमाने, १९६० मध्ये यादी मोडली. टाळ्या. दिग्दर्शक प्रेमिंजरने त्याच वर्षी जानेवारीतच ट्रम्बोचं नाव जाहीर केलं होतं, ते राहू द्या. अल्बर्ट माल्ट्झचं नाव पडद्यावर यायला १९७० उजाडलं, तेही राहू द्या. यादी मोडली म्हटल्यावर मोडली.

राहू द्या, राहू द्या करत काय राहिलं बघा. अरे, तुम्ही लिहिता त्या माणसांची नावं खोडली गेली, यावरच तुमचा लेख आहे, आणि तुम्ही लिहिता ‘ट्रम्बो आणि इतर नऊ’? तेरा-तेरा वर्षं ज्यांना नावाने पैसे मिळाले नाहीत, त्यांना तुम्हीही ‘इतर’मध्ये ढकलता? एक ओळ लागते. अकरावा साक्षीदार ब्रेख्त होता, साक्ष देऊन दुसऱ्या दिवशी युरोपला निघून गेला. आपल्या रंगभूमीवाल्यांना तरी तो ठाऊक असावा. बाकीची घ्या लिहून: अल्वा बेसी, हर्बर्ट बिबरमन, लेस्टर कोल, एडवर्ड डमिट्रिक (याने पुढे नावं दिली, तेही लिहा), रिंग लार्डनर ज्युनियर, जॉन हॉवर्ड लॉसन, अल्बर्ट माल्ट्झ, सॅम्युअल ऑर्निट्झ, एड्रियन स्कॉट. दहावा तुम्हाला माहीत आहे.