जरा टेकू द्या की!

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, पण मधे मधे बसवा. चालवायचं सोपं आहे हो. बसवायचं कुठे?

आमच्या वाटेवर एक चौक लागतो, नुकताच 'सुशोभित' झालेला. परवा आई दम खात उभी होती तेव्हा मी मोजदाद केली. शिल्प एक. शोभेचे दिवे सोळा. कुंड्या तर विचारूच नका. शहराच्या नावाची माणसाएवढी अक्षरं, फोटो काढायला. आणि बाकडी दोन! त्यातलं एक भिंतीकडे तोंड करून. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखं भिंत बघत बसायचं.

दुसऱ्याची तऱ्हा ऐका. भोकाभोकांच्या पत्र्याचं, पाठ नाही, बैठक पुढे उतरती आणि मधोमध दोन लोखंडी दांड्या. आई बसली आणि हळूहळू खाली सरकायला लागली. बसल्या जागी राहायचं तर पाय रोवायचे, म्हणजे सगळा भार त्याच गुडघ्यावर. "अगं, हे मला उतरवतंय," आई म्हणाली. उठताना हाताला आधार हवा तो काठाला, तर काठ मोकळा. दांड्या नेमक्या मधे, कारण त्या आधारासाठी नाहीतच, कुणी आडवं होऊ नये म्हणून आहेत. दुपारी पत्रा असा तापतो की साडीतूनही चटका बसतो. उन्हात लाकूड ठेवा आणि पत्रा ठेवा, हात लावून बघा, शाळेतल्या पोरालाही फरक कळेल. ज्यांनी हे पास केलं त्यांना मात्र कळलं नाही. ते कधी बसले असतील तर ना! असून अडचण नसून खोळंबा म्हणतात ते हेच.

आणि हे चुकून झालेलं नसतं, म्हणून जास्त संताप. कुणी फार टेकू नये, झोपू नये म्हणून मुद्दाम गैरसोयीचं बांधायचं, होस्टाइल आर्किटेक्चर असं भारदस्त नाव आहे याला. २०१२ साली लंडनच्या कॅम्डेन भागात काँक्रीटचं एक बाकडं बसवलं. कुणाला झोपता येऊ नये म्हणून त्याची वरची बाजू सगळी उतरती. स्केटबोर्ड चालू नये, रंग फासला तर टिकू नये, फटीत कुणी काही लपवू नये, सगळ्याचा विचार केलेला. कौतुकही झालं, टीकाही भरपूर झाली. मला एवढंच दिसतं की माणसं काय काय करतील याची यादी केली, आणि ती निवांत बसतील ही नोंद पार शेवटी गेली. अहो, एखादा थकलेला माणूस रात्री बाकड्यावर झोपला तर काय आभाळ कोसळतं? दांड्या लावल्या म्हणून त्याला घर मिळत नाही, तो पुढच्या पायरीवर जाऊन झोपतो. तिथेही मग खिळे ठोका.

बरं, माणसाला बसायला काय लागतं हे कुणी शोधून काढायचं बाकी आहे असंही नाही. विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून लोक बसतात कुठे ते बघितलं. निष्कर्ष इतका साधा की हसू येतं: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. त्यांनी टिपलेली एक गंमत मला फार आवडते. हलवता येणारी खुर्ची दिली की माणूस बसण्याआधी ती थोडीशी सरकवतो. कधी इंच-दोन इंच, काही कारण नसताना. आपली जागा आपण ठरवली एवढंच समाधान. आमच्या चौकात खुर्ची सरकवणं सोडा, पार्श्वभाग सरकू नये म्हणून झटावं लागतं.

आता शिल्पाकडे वळू. कशाचं आहे ते मला अजून कळलेलं नाही, वाकलेल्या नळ्यांचा गुंता आहे. ते चालेल, सगळं मला कळलंच पाहिजे असा हट्ट नाही. पण त्याच्या चौथऱ्याची उंची बसायला अगदी बेतशीर आहे. गुळगुळीत दगड, वर सावली. आई तिथे टेकली आणि दोन मिनिटांत शिट्टी! "इथे बसायचं नाही, आजी." साखळी, पाटी, रखवालदार, रात्री खालून उजेड. नळ्यांची एवढी बडदास्त, आणि आईला उतरता पत्रा.

कलेवर माझा राग नाही, उगाच गैरसमज नको. बार्सिलोनाच्या पार्क ग्युएलमधलं ते लांबलचक नागमोडी बाकडं बघा. गाउदी आणि जुजोल या वास्तुविशारदांनी शंभर वर्षांपूर्वी फुटक्या फरश्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं. पाठीला कंबरेपाशी बरोबर फुगवटा आहे, पावसाचं पाणी निघून जायला भोकं आहेत. त्याला शिल्प म्हणा नाहीतर बाकडं, दोन्ही खरं. शिकागोत शिल्पकार अनीश कपूर यांचा तो चकचकीत स्टीलचा घेवडा आहे, म्हणजे घेवड्याच्या दाण्यासारखं भलंमोठं शिल्प, लोक दिवसभर त्याला हात लावतात. त्यांना हटकत नाहीत, खालचा हाताला लागणारा भाग पुसून काढतात. पुसायला माणूस ठेवता येतो तर!

याच्या उलटही घडलंय. न्यूयॉर्कमध्ये १९८१ साली शिल्पकार रिचर्ड सेरा यांचं शिल्प, म्हणजे १२० फूट लांब, १२ फूट उंच लोखंडी भिंत, सरकारी कार्यालयांसमोरच्या मोकळ्या जागेत आडवी उभी राहिली. रोज तिथून जाणाऱ्यांना वळसा पडायला लागला. तक्रारी झाल्या, सुनावणी झाली, १९८९ साली ती कापून नेली. शिल्प याच जागेसाठी आहे, हलवलं की संपलं, असं शिल्पकाराचं म्हणणं. ते मला पटतं. वळसा घालणाऱ्यांचं त्याहून जास्त पटतं.

राहून जाईल म्हणून हेही सांगते. अंध माणसांना पायाखाली कळावं म्हणून फुटपाथवर उंचवट्याच्या पिवळ्या फरश्या असतात ना? जपानच्या सेइची मियाके यांनी आपली दृष्टी चाललेल्या मित्रासाठी त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. आमच्या चौकात त्या फरश्या सरळ जातात आणि कुंडीवर आपटतात. कुंडीच्या मागून पुन्हा सुरू! काठी टेकत येणाऱ्याने मधलं अंतर उडी मारून पार करायचं, बहुतेक.

तक्रार केली मी. बाकडी 'टिकाऊ' आहेत, असं उत्तर आलं. टिकतीलच की, कुणी बसतच नाही.

शेवटी घडीचं स्टूल विकत घेतलं. काखेत स्टूल, दुसऱ्या हाताला आई, असा आमचा फेरफटका. काल तिला दवाखान्यात आत सोडून चौकात परत आले, स्टूल बाकड्यापाशी ठेवलं आणि पाण्याची बाटली भरायला गेले. येऊन बघते तर एक आजोबा माझ्या स्टुलावर बसून पेपर वाचत होते, आणि शेजारचं बाकडं रिकामं. मी तशीच उभी राहिले. त्यांचं पान संपायचं होतं.