सूर्याच्या एक्स-किरणांच्या मेसेजबद्दल खुलासा

कालपासून वेंगुर्ल्याच्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ताऱ्याच्या एक्स-किरणांनी एका ग्रहाचं वातावरण उडवून दिलं, आता सूर्याचेही तसेच किरण येणार, दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका. तो वाचून शेजारच्या काकींनी वाळत घातलेली सुकट भर उन्हात गोळा करून आत नेली. खालची बाजू अजून ओलीच होती. म्हणून हे लिहितोय.

ग्रहाची गोष्ट खरी आहे, पण अर्धवट. त्याचं नाव एचडी १८९७३३ बी, अंतर सुमारे ६४ प्रकाशवर्षं. पृथ्वी सूर्यापासून जेवढी लांब, त्याच्या साधारण तिसाव्या हिश्श्यावरून तो २.२ दिवसांत ताऱ्याला फेरी मारतो. सप्टेंबर २०११मध्ये स्विफ्ट दुर्बिणीला त्या ताऱ्यावर एक्स-किरणांचा भडका दिसला. सुमारे ८ तासांनी हबल अवकाश दुर्बिणीला ग्रहावरून हायड्रोजन निसटताना दिसला, सेकंदाला किमान हजार टन. भडक्याचा त्यात हात असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. हे किरण वरचे थर तापवतात, वायू फुगतो आणि ग्रहाच्या ओढीतून सुटतो. पण ग्रह गुरूपेक्षाही थोडा मोठा. त्याचं वातावरण संपलेलं नाही!

आपल्याकडे सूर्याचे एक्स-किरण खूप उंचावर हवेतच शोषले जातात, जमिनीपर्यंत पोचत नाहीत. दूरच्या ताऱ्यांचे असे किरण टिपायला भारताची ॲस्ट्रोसॅट दुर्बीण २०१५मध्ये अवकाशात पाठवावी लागली ती याचसाठी. मोठ्या सौरभडक्यात लघुलहरी रेडिओ काही वेळ बंद पडू शकतो. उन्हाचा त्रास वेगळा, डोक्यावर टोपी हवीच.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. काकी, सुकट उद्या परत बाहेर घाला.