अंगात येणारं यंत्र

कोरड्या वाळूवर माझा मेटल डिटेक्टर परक्या घरी आलेल्या शहाण्या मुलासारखा वागतो. विचारलं तरच बोलतो. ओल्या वाळूवर पाऊल पडलं की मात्र त्याच्या अंगात येतं. खाली काही नसतं, वर काही नसतं, तरी हा आपला किंचाळतोय! खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे भिजलेला किनारा त्याला अखंड पत्र्यासारखा वाटतो.

दोष निम्मा माझाही होता. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राचा कान किती तिखट ठेवायचा तो आकडा, मी पहिल्याच दिवशी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली होती. पैसे पूर्ण मोजलेत, तर आकडा अर्धा का ठेवायचा? एका जाणत्याने सांगितलं, "कमी करा, म्हणजे जास्त सापडेल." हे वाक्य गिळायला मला दोन दिवस लागले. मग एकेक घर खाली आणलं, तेही स्वतःच्या खिशातून कोणी काढून घेतंय अशा चेहऱ्याने.

त्यानंतर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे खालच्या वाळूकडे दुर्लक्ष करायला यंत्राला शिकवणं. बटण दाबून धरायचं आणि आवाज सपाट होईपर्यंत कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, वाळूवर खाली-वर करायची. लांबून पाहणाऱ्याला हा माणूस समुद्रकाठी कांडण करतोय असं वाटतं. कसंबसं जमतं, तोवर लाट येते, पायाखालची वाळू बदलते आणि पुन्हा मुसळ हातात. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या काळ्या वाळूचा पट्टा आडवा आला, की तो यंत्राला आणखी वेगळंच गाणं म्हणायला लावतो.

एवढं होऊनही एक टूं... टूं... राहिलीच. कॉइल डावीकडे गेली की हमखास. मी खणलं. काही नाही. आणखी खणलं. खड्डा गुडघ्याएवढा झाला, तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "अहो, बूट काढा." बुटाच्या टोकात पोलादी वाटी होती. १८८१ साली गोळी लागलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला खुद्द टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल असंच यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. घोटाळ्याचं खापर पुढे पलंगातल्या पोलादी स्प्रिंगांवर फुटलं. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी निदान खड्डा तरी नाही खणला."

मग कचऱ्याचा बंदोबस्त. बाटल्यांची झाकणं, डब्यांच्या कड्या, चांदीच्या कागदाचे बोळे: तीन दिवसांत एवढाच खजिना निघाला होता. प्रत्येक धातूला यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं आणि नको ते आकडे गप्प करता येतात; त्याला म्हणतात डिस्क्रिमिनेशन. ते वाढवून मी कागद आणि कड्यांचे आकडे बंद केले. काय शांतता! तासभर एकही आवाज नाही. आपण यंत्रावर विजय मिळवला अशा ऐटीत मी मैलभर चाललो.

"तुमचं सोनंही बंद झालं नाही ना?" बायकोने विचारलं.

पातळ अंगठी आणि कागदाचा बोळा यंत्राच्या लेखी जवळपास एकच, हे मला पुस्तिकेत वाचूनही पटलेलं नव्हतं. परीक्षा घ्यायचं ठरलं. बायकोने अंगठी दिली, पण आधी तिला हातभर लाल दोरा बांधून. मी ती वीतभर खोल पुरली. दोऱ्याचं टोक वर डोकावत होतं. त्यावरून कॉइल फिरवली. गप्प. सावकाश फिरवली. गप्प. दोरा मला दिसतोय, अंगठी तिथेच आहे, आणि हे यंत्र निर्विकार! चडफडत बंद केलेले आकडे उघडले. लगेच १२ हा आकडा आणि खणखणीत टूं. मी आनंदाने आरोळी ठोकली आणि पाऊलभर पलीकडेही १२ वाजले. तेही खणलं. कागदाचा बोळा.

बायकोने दोरा ओढला. अंगठी वाळू झटकत वर आली. ती बोटात घालून दोऱ्याची गुंडाळी करत ती म्हणाली,

"उद्या नुसता दोराच आणा."