कूलंट कशाला, पाणी घाल!

"तुला कोणी सांगितलं रे रेडिएटरात साधं पाणी घालायला?"

शुक्रवारी, म्हापशाच्या भर बाजारात, मे महिन्याच्या साडेअकराच्या उन्हात, माझ्या उघड्या बॉनेटमध्ये डोकावून बायकोच्या मामांनी हा प्रश्न विचारला. चारचौघांत. आवाज चढवून. कोणी सांगितलं म्हणे! तुम्ही सांगितलंत, मामा. आमच्याच पडवीत बसून, आमचाच चहा पिताना सांगितलंत. "गोव्यात काय बर्फ पडतो? कूलंट हे थंडीच्या मुलखातलं खूळ. कंपनीवाले लुटतात. विहिरीचं, आपल्या बांयचं पाणी घाल, आमच्या फियाटला पंचवीस वर्षं तेच घातलं." शब्द न् शब्द आठवतोय. तेव्हा तुमच्या बशीत दोन बिस्किटं होती, तीही आठवताहेत.

पण हे असं रस्त्यावर म्हणता येतं का? नाही. मामा आहेत. मी फक्त म्हटलं, "चुकलंच माझं." आणि ते "मग!" म्हणून मान हलवत दुधी भोपळ्याची पिशवी या हातातून त्या हातात घेऊन चालते झाले. गाडी ढकलायला माणूस कमी होता तो कमीच राहिला.

पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचा बाजार करायला गेलो होतो. पाऊस तोंडावर, त्यामुळे अख्खा बारदेस तालुका म्हापशात उतरलेला. कांद्याच्या माळा, हरमलची मिरची, सोलां, चिंच, आणि डिकीत दोन पिशव्या सुके बांगडे आणि गालमो, म्हणजे सुका जवळा. हे बांगडे लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत. परतताना चढाला लागलो, पुढची गाडी हलेना, आणि काटा हळूच वर सरकायला लागला. अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचा, इंजिनाची गरमी थोडी तरी आत ओढली जाते, हे मला माहीत होतं. सोडला. मे महिना, चारही काचा खाली, तोंडावर भट्टीचा वारा आणि मागून तापलेल्या सुक्या बांगड्यांचा दरवळ. बायको माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मागे एक काळ्या पाटीची भाड्याची गाडी. आत चार जण, डोळ्यांवर गॉगल, छतातून एकाचं डोकं बाहेर, आणि हॉर्न. अरे, समोर माणूस शिजतोय आणि तुम्ही हॉर्न वाजवताय! वर परत हेच लोक घरी जाऊन सांगणार की गोवा कसा निवांत, सुशेगाद. हा 'सुशेगाद' शब्द जो पर्यटक पुढच्या वेळी माझ्यासमोर उच्चारेल त्याला शुक्रवारी साडेअकराला म्हापशाच्या चढावर क्लच दाबून उभा करणार आहे मी.

असो. वाफ आली. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, आणि तिथेच माझी चूक झाली. बंद बॉनेटची गाडी म्हणजे नुसती उभी गाडी, तिच्याकडे कोणी बघत नाही. बॉनेट उघडलं की तो शांतादुर्गेचा रथ होतो, लोक हात लावायला धावतात.

पहिला आला लॉटरीवाला. "बॅटरी." वाफ निघतेय आणि बॅटरी! दुसरा म्हणाला पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल घालतात ना, त्याचं आहे. या माणसाला गुडघा दुखला तरी इथेनॉलच आठवत असेल. तिसऱ्याने बाटलीतलं थंड पाणी थेट इंजिनावर ओतायला हात उचलला, तो मी वरच्या वर धरला. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की हेडला तडा जातो आणि मग साध्या दुरुस्तीचं घर बांधायच्या खर्चात रूपांतर होतं. एक म्हातारी म्हणाली, "बोडगेश्वराक नाल्ल दी." म्हणजे म्हापशाच्या देवाला नारळ दे. खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात मिळालेला हा एकमेव बिनधोक सल्ला होता.

तेवढ्यात एक पायलट, म्हणजे आमचा मोटरसायकल-टॅक्सीवाला, गाडी स्टँडवर लावून आला. पिवळ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चेहऱ्यावर ऑपरेशन थिएटरात शिरणाऱ्या सर्जनचा भाव. "सिंपल आसा रे," म्हणाला, आणि मागच्या सीटवरचा माझा टॉवेल उचलून रेडिएटरच्या झाकणावर टाकला. मी ओरडलो, नको! गरम असताना उघडायचं नसतं, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, अर्धा तास तरी थांब! तोवर त्याने पाव फेरा दिलाच होता. मी त्याचा हात बाजूला करायला गेलो. तो शिताफीने मागे उडी मारून सुटला. वाफ आली माझ्या मनगटावर.

आता खरा बाजार भरला. टूथपेस्ट लाव. खोबरेल लाव. शाई लाव (आजकाल शाई कोणाकडे असते?). बटाटा किसून लाव. मध. हळद. पिठलं लाव म्हणाले नाहीत एवढंच. एका माणसाने खरोखर पिशवीतून टूथपेस्टची नवी ट्यूब काढून झाकण उघडलं. मी शेजारच्या रसवाल्याच्या नळाखाली हात धरला आणि वीस मिनिटं धरून उभा राहिलो. भाजल्यावर एवढंच करायचं असतं, वाहत्या साध्या पाण्याखाली हात, बर्फ नाही, लेप नाही. मागे टूथपेस्टवाला लोकांना सांगत होता, "ऐकत नाही तर काय करणार."

आणि या वीस मिनिटांत, हात नळाखाली आणि डोकं तव्यावर, मला एकेक सल्लागार आठवायला लागला. बोलावलं नव्हतं कोणाला. आपोआप आले.

सकाळच्या फेरीतले ते निवृत्त गृहस्थ आले. "बीपीची गोळी एकदा सुरू केलीस की जन्मभर सुटत नाही. सोडून बघ, आवळ्याचा रस घे." मी सोडली. तीन आठवडे आवळा. मग आरोग्य केंद्रात मोजलं तर 170 वर 100. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कोणी बंद केली? सांगणार काय? ज्यांनी बंद करायला लावली ते स्वतः रोज सकाळी गोळी घेऊनच फिरायला येतात, हे मला नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं.

डेंग्यू झाला होता तेव्हा शेजारून आलेला पपईच्या पानांचा रस आठवला. हिरवागार, डबाभर. प्लेटलेट वाढतात म्हणे. प्लेटलेटचं माहीत नाही, ओकाऱ्या वाढल्या. त्याच घरातून "अंग दुखतं ना, ब्रूफेन घे" हाही निरोप आला होता. डेंग्यूत तीच गोळी घ्यायची नसते, रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल आणि पाणी, बास. मग नातेवाइकांची दुसरी फळी आली, "बांबोळीच्या सरकारी इस्पितळात रांग असते, बेळगावला ने." भावाच्या गुडघ्यासाठी बेळगावला नेलंही होतं एकदा. चोर्ला घाट चढून पोचलो तर बाकावर आमच्याच पेडण्याचे दोघे बसलेले, आणि मला बघून म्हणतात, "कशाला आलात, बांबोळीत झालं असतं की."

आणि कायदा! कायद्याचं तर विचारूच नका. आमचा पुण्याचा चुलतभाऊ. वडील गेले त्या आठवड्यात त्याचा फोन. "सातबारा काढून घे." अरे, गोव्यात सातबारा नसतो, एक-चौदा असतो. "तेच ते रे." तेच ते नाही! पुढे म्हणाला प्रोबेट कर, कोर्टातून मृत्युपत्र सिद्ध करून घे. गोव्यात इन्व्हेंटरी असते, म्हणजे वारसांची कोर्टातली वाटणी, नाहीतर सब-रजिस्ट्रारकडे वारसाचं डीड. तो म्हणाला तुमचं सगळंच उलटं. हो, उलटं. 1867 चा पोर्तुगीज कायदा आहे आमच्याकडे, आणि त्यातला वारसाहक्काचा भाग आता 2012 च्या कायद्यात आलाय. आमच्याकडे बायकोच्या सहीशिवाय नवरा घर विकू शकत नाही, आणि मुलं असताना मृत्युपत्राने अर्ध्याच्या वर कोणाला देताही येत नाही. पण त्याला पुण्यात बसून सगळं सिंपल दिसतं.

चुलतभाऊ निदान लांब आहे. मामा जवळ आहेत. "एक-चौदावर तुझं नाव चढव आणि मोकळा हो. बहिणीला कशाला मध्ये आणतोस, ती आपल्या घरी सुखी आहे." मामांचा हाही सल्ला. मी मूर्ख, मामलेदाराकडे अर्ज टाकून आलो. एक-चौदावर नाव चढलं म्हणून कोणी मालक होत नाही, बहिणीचा हिस्सा माझ्याएवढाच, आणि तिचं लग्न झालंय म्हणजे तिच्याबरोबर मेहुण्याचीही सही लागते, हे मला वकिलाने सांगितलं. त्याआधी मामलेदार कार्यालयाची नोटीस बहिणीच्या घरी पोचली होती. सलग दोन चवथी ती गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला आली नाही. माटोळीला सुपारीचा घोस नेहमी तीच बांधायची. मी बांधला तो आरतीच्या वेळी पडला. मामा तेव्हा म्हणाले, "तिला आधी विश्वासात घ्यायला हवं होतंस."

चेक बाउन्स झाला त्याची गोष्ट लांबवत नाही. "गावचा माणूस आहे, थांब दोन महिने." थांबलो. बँकेची चिठ्ठी हातात आल्यापासून 30 दिवसांत नोटीस जायला लागते. गेले दिवस. गावचा माणूस आता मला बघून दुसऱ्या गल्लीतून जातो. खरं तर मीच त्याला तोंड दाखवत नाही, काय माहीत, तोही काही सल्ला द्यायचा.

शेवटी गॅरेजचा पोरगा आला, दोर बांधून गाडी ओढत नेली. रेडिएटरचा नळ सोडला तर खाली घमेल्यात जे आलं ते पाणी म्हणवेना. आमच्या चिऱ्याच्या मातीतून झिरपलेलं बांयचं पाणी आणि आतला गंज, मिळून खाणीतून पावसाळ्यात वाहतं तसला लाल राडा. मेकॅनिकने बोट बुडवलं, मला दाखवलं आणि फक्त विचारलं, "बांयचें उदक?" मी मान खाली घातली. गंजाने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजलेल्या, थर्मोस्टॅट अडकलेला, पंखाही अधूनमधून रुसणारा. कूलंट थंडीसाठी असतं हे अर्धं खरं. ते आत गंज धरू देत नाही आणि पाणी लवकर उकळू देत नाही, आणि आमच्या उन्हात नेमकं तेच हवं असतं. बिल साडेसहा हजार. कूलंटचा डबा किती रुपये वाचवत होता विचारू नका, मी हिशेब केलाय आणि तो बायकोपासून लपवलाय.

तिथे बाकावर बसलो असताना समोर एक मुलगी स्कूटर घेऊन आली. कॉलेजातली असेल. बटण दाबतेय, सुरू होत नाही. परत दाबतेय. मला राहवेना. हाताला ओला रुमाल गुंडाळलेला, शर्टाला गंजाचे डाग, तरी मी उठलो, कमरेवर हात ठेवून स्कूटरकडे वाकलो आणि म्हणालो, "सिंपल आहे गं. चोक ओढून बघ."

तिने माझ्याकडे बघितलं. "काका, हिला चोक नसतो."

मग साइड स्टँड वर केला आणि स्कूटर सुरू झाली. मेकॅनिक पोरगा वळून टायरकडे बघत हसत होता. मी "हो का, हल्लीच्या गाड्या!" वगैरे काहीतरी पुटपुटून बाकावर येऊन बसलो. कमरेवरचे हात मात्र बराच वेळ तिथेच होते. मामांचेही तिथेच असतात.

वळणच आहे ते. एकदा शेजाऱ्याच्या फ्रिजला मी "गॅस गेला" म्हणून सांगितलं होतं. गेली होती ती प्लगची पिन. तो अजून सोसायटीच्या बैठकीत माझ्या शेजारी बसत नाही.

संध्याकाळी मामांचा फोन. "कूलंट घातलंस ना? हिरवं घे, लाल नको." मी म्हटलं गाडीच्या पुस्तकात असेल ते मेकॅनिक घालेल. "पुस्तकात काय, ते कंपनीवाले..." मी फोन बायकोकडे दिला. तिने बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मामा, ह्यांच्या हाताला काय लावू?" आणि मी स्वयंपाकघरात तोंड धुवायला गेलो तेव्हा बेसिनपाशी टूथपेस्ट झाकण काढून ठेवलेली.

सकाळी आठला गॅरेजमधून फोन आला. गाडी तयार आहे, पण "सायबा, गाडयेक वास येता." आणि मग मला बांगडे आठवले. दोन पिशव्या, बंद डिकीत, पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्याची अख्खी रात्र. गाडी घरी आणली तोवर बांगडे निम्मे बरे होते, गाडी मात्र होत नव्हती. चारही दारं उघडी टाकून अंगणात उभी केली तर मांजरांची सभा भरली.

मामा गेटपाशीच उभे होते. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "एका वाटीत कॉफी पावडर घालून ठेव आत. रात्रभरात वास खेचून घेते."

ठेवलीय. अर्धं पाकीट गेलं. आता गाडीला कॉफीत बुडवलेल्या बांगड्याचा वास येतोय.