गाणां खंय रवता?

चतुर्थी जवळ आली की आमच्या वाडीतली रेंज आणि लाईट दोघीही माहेरपणाला निघतात. मग एरवी मोबाईलवरून मान न काढणारी पोरं माझ्या ओटीवर जमतात, कारण माझ्याकडे इन्व्हर्टर आहे आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. यंदा निमित्त सांस्कृतिक होतं. मंडपातल्या कार्यक्रमासाठी साऊंडवाल्याने फर्मान काढलं होतं: गाणी पेन ड्राइव्हवर आणा, एमपीथ्रीच पाहिजे, ऐनवेळी कुणाचा मोबाईल लावणार नाही.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. पण या पोरांनी आयुष्यात फाईल पाहिलेली नाही. फाईल म्हणजे शाळेच्या प्रकल्पाची, नाडी बांधायची. गाणं फोनमध्ये बोट लावलं की येतं, आणि रेंज गेली की जातं. मी हार्ड डिस्कवरचं एक गाणं लावलं तेव्हा शेजारच्या बाबूने आधी टेबलाखाली वाकून बघितलं.

"काका, नेट नाय. मगे वाजता कसां? गाणां रवता खंय?"

इथे शहाण्या माणसाने "डब्यात" म्हणून विषय संपवला असता. मी खडू घेतला.

आवाज म्हणजे हवेची लाट, कॉम्प्युटर तिची उंची मोजून आकडे लिहून ठेवतो, सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा, असं मी सांगितलं. "मोजता कोण?" भाचीने विचारलं. माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांपर्यंत, ऐकू येतं आणि मोजणी त्याच्या दुपटीहून थोडी जास्त लागते, म्हणून हा आकडा, हे मी समजावत होतो. तेवढ्यात बाबूला आर्थिक बाजू सुचली. "आजयेक कमी ऐकाक येता. मगे तिच्यासाठी बारकी फाईल चलात?"

हसू नका. एमपीथ्री करणाऱ्या जर्मन इंजिनिअरांचा धंदाच या प्रश्नावर उभा आहे. ढोलाचा दणका पडतो तेव्हा शेजारचा नाजूक आवाज कानाला कळतच नाही. मग तो साठवायचा कशाला? फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी असं बरंच काही गाळून मिनिटाला दहा एमबीचं गाणं एका एमबीच्या आसपास आणलं आणि जुलै १९९५ मध्ये फाईलच्या नावामागे एमपीथ्री ही शेपटी लावायचं ठरवलं. बाबूने लगेच एका एमपीथ्रीची पुन्हा वेव्ह, म्हणजे काही न गाळणारी, फाईल केली. फाईल दहापट फुगली. "बघा, गेलेला सगळा परत इला!" मी म्हटलं, "बाबू, आंब्याचं वाळवलेलं साठ भिजत घातलं म्हणून त्याचा हापूस होत नाही." हे त्याला पटलं. मग साठ हापूसपेक्षा महाग का, यावर अर्धा तास गेला.

शेपटीचं महत्त्व कळल्यावर त्याने आपल्या 'माझा आवडता सण' या निबंधाची शेपटी बदलून एमपीथ्री केली आणि तो वाजत नाही म्हणून माझ्याकडेच तक्रार आणली.

वाजवायला व्हीएलसी उघडलं. त्याचं चिन्ह रस्त्यावरचा केशरी शंकू. मुंबई-गोवा हायवेच्या कडेने वाढलेल्या पिढीला त्याचा एकच अर्थ माहीत आहे. "काम चालू आसा. ह्यां अजून पुरां झालां नाय काय?" १९९६ साली पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं, आणि ते पुरं होऊन जमाना झाला, असं मी सांगितलं. हायवेची त्यांची खात्री मात्र मी हलवू शकलो नाही.

भाचीने त्यात दहा गाण्यांची क्रमवार प्लेलिस्ट केली, ती पेन ड्राइव्हवर टाकली आणि पेन ड्राइव्ह रंगीत तालमीला नेला. मंडपात शांतता. प्लेलिस्ट नोटपॅडमध्ये उघडून दाखवली तेव्हा उलगडा झाला: आत फक्त गाण्यांची नावं आणि पत्ते. गाणी माझ्याच घरी, फॅनखाली आरामात.

दुसऱ्या तालमीला गाणी गेली, त्यांना नंबर देऊन. माझ्या कॉम्प्युटरला आकडे समजतात; साऊंडवाल्याच्या डब्याला फक्त अक्षरओळख. त्याने एकनंतर थेट दहा वाजवलं. समारोपाचं गाणं ऐकून पाहुण्यांच्या जागी बसवलेले खजिनदार उठले आणि चपला शोधायला लागले, फुगडीच्या पोरी विंगेतच. आता एकाच्या आधी शून्य लावतो. काही डबे नावाकडे बघतही नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केलं त्या क्रमाने वाजवतात. म्हणून भाची एकेक गाणं हाताने, देवाला दूर्वा वाहावी तशा गांभीर्याने टाकते.

खरा प्रसंग उभा राहिला तो बाबूच्या आबांमुळे. आबा भजनी बुवा. बाबूने त्यांचं भजन फोनवर रेकॉर्ड केलं, कॉम्प्युटरवर एमपीथ्री केलं आणि आबांना ओटीवर बोलावलं. आवाज आला आणि पडद्यावर अक्षरं: अननोन आर्टिस्ट.

"म्हणजे काय?"

"आबा, कोण गाता तां म्हायत नाय, असां म्हणता."

"अख्ख्या पंचक्रोशीत माका वळखत नाय असो एक माणूस दाखय!"

नाव फाईलच्या आत वेगळं लिहावं लागतं, हे त्यांना समजावून आम्ही लिहायला बसलो. हा टॅग जुन्या पद्धतीचा. त्यात कलाकाराला तीसच जागा, आणि देवनागरी घातली की रांगेने प्रश्नचिन्हं. इंग्रजीत आबांची पदवी, गुरूंचं नाव आणि गाव लिहीपर्यंत जागा संपली, आबांचं नाव बाहेरच राहिलं. प्रकाराच्या यादीत डिस्को, पोल्का. भजन कुठेच नाही. आबा शेवटी 'अदर' झाले.

एवढ्यावर निभावलं असतं. पण रेंज पुरावी म्हणून बाबूने ती फाईल ६४ केबीपीएसवर आवळून वाडीभर पाठवली होती. दुसऱ्या दिवशी आबांचा झांजवाला चिखल तुडवत आला. त्याने फोन माझ्या कानाला लावला. आबा होते, पखवाज होता, आणि किणकिणाटाच्या जागी नुसतं शुर्र-शुर्र.

"माझी झांज खंय गेली?"

मी खडू शोधत होतो, तोवर बाबू पुढे झाला. "काका, ती कानाक लागणा नाय म्हणान काढून टाकली. जर्मनीत ठरलेलां आसा."

झांजवाल्याने पायरीवर बसून तंबाखू काढली आणि मला विचारलं, "हे जर्मनीवाले चतुर्थीक इकडे येतत काय?"