चाळीसच्या वेगात काय होतंय?

एक मेसेज सध्या फिरतोय : ‘शहरात गाडी चाळीसच्या पुढे जातच नाही. अंतर, बेल्ट, फोन हे नियम हायवेवाल्यांसाठी. शहरात सराईत हात पुरे.’ खाली पाच मुद्दे. पुढे पाठवणाऱ्यांत गाडी उत्तम चालवणारेही आहेत, म्हणून हे उत्तर.

‘पुढच्याला चिकटून राहा, नाहीतर दुसरा घुसतो.’ घुसतो, खरंय. मग आपण पुन्हा अंतर सोडायचं. त्यात दोन-अडीच सेकंद जातात. दहा जण घुसले तरी एका लाल सिग्नलएवढा वेळ जात नाही. आता दुसरी बाजू बघा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पुढचे लाल दिवे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर आणखी साधारण ९ मीटर. झाले २० मीटर. पाऊस, झिजलेले टायर, पेंगुळलेला चालक हे धरलेलंच नाही. कोणी म्हणेल, पुढचाही ब्रेकच मारणार, जागच्या जागी थोडाच थांबणार? बरोबर. पण तो पहिला सेकंद आपल्या एकट्याचा असतो, तेवढे ११ मीटर हाताशी हवेतच. आणि पुढच्यानं ऐनवेळी बाजूला वळून बंद पडलेला ट्रक आपल्यासमोर उघडा केला, तर सगळे वीस. मोजायला टेप लागत नाही : पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश दोन मोजायचे. त्याआधीच आपण खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत.

चिकटून चालल्यानं रस्ता लवकर मोकळा होतो हेही खरं नाही. जपानी संशोधकांनी २३० मीटर घेराच्या वर्तुळात २२ गाड्या ताशी ३० च्या वेगानं फिरवल्या. सिग्नल नाही, अडथळा नाही. तरी थोड्याच वेळात गाड्या तुंबल्या आणि ती कोंडी मागे मागे सरकत राहिली. २००८ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. जरासा ब्रेक, मागच्याचा त्याहून जोरात ब्रेक, मग त्याच्या मागच्याचा. मधे अंतर असेल तर हा धक्का तिथेच जिरतो.

‘चाळीसच्या पुढे जातच नाही.’ हा सरासरीचा खेळ आहे. सिग्नलवर उभं राहून सरासरी खाली येते. मोकळा पट्टा मिळाला की काटा साठवर जातो, विशेषतः पिवळा दिसल्यावर. याच हिशोबानं ४० ची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे ६० ची गाडी अजून ५० च्या वर असते. ब्रेक लागायला नुकती सुरुवात झालेली असते.

‘कमी वेगात बेल्ट कशाला, एअरबॅग आहे ना.’ चाळीसच्या वेगानं आदळणं म्हणजे साधारण सहा मीटरवरून खाली पडणं. दुसऱ्या मजल्यावरून पडताना हात टेकवून सावरू असं कोणी म्हणत नाही. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला असते. बेल्टशिवाय पुढे फेकलं गेलेलं शरीर नेमकं तिच्या फुगण्याच्या स्फोटात सापडतं.

‘हँड्सफ्रीवर बोललं तर चालतं.’ कॅनडातल्या १९९७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट दिसला आणि हँड्सफ्रीवाल्यांना त्यात काही सूट मिळालेली दिसली नाही. हात मोकळे असतात, लक्ष नसतं. शेजारी बसलेला माणूस समोरची गर्दी बघून गप्प होतो, फोनवरच्याला ती दिसतच नाही. (मीही पूर्वी ‘एकच मिनिट’ म्हणून घ्यायचो. मिनिट कधीच एक नसतं.)

‘उतारावर न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं.’ कार्ब्युरेटरच्या काळातला सल्ला. आजच्या इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळपास बंद होतं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. वर इंजिनाचा रोध गेला, सगळा भार ब्रेकवर.

राहिला सराईत हात. मेसेज लिहिणारा म्हणतो, वीस वर्षांत गाडीवर एक ओरखडा नाही. असेलही. त्यात किती वेळा मागच्यानं अंतर सोडलेलं होतं, याची नोंद मात्र त्याच्याकडे नसणार.